उन्हाळ्यात पळताना ठोके का चढतात? घाम, त्वचा आणि रक्ताची वाटणी

पहाटवारा

मार्च संपत आला की आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. जानेवारीत ज्या वेगाने दहा किलोमीटर गप्पा मारत व्हायचे, त्याच वेगाला आता धाप लागते, घड्याळात ठोके चढलेले दिसतात आणि जो तो म्हणतो, फिटनेस गेला. मग कुणी हट्टाने वेग वाढवतं, कुणी पाऊस येईपर्यंत बूट कपाटात टाकतं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि स्वतः पळतेही, म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटला. फिटनेस जागेवरच असतो. तेवढंच रक्त दोन ठिकाणी पुरवायची वेळ हृदयावर आलेली असते.

आधी उष्णता किती तयार होते ते बघू. स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. ७० किलोचा माणूस तासाला १० किलोमीटर वेगाने पळाला तर ढोबळमानाने ७०० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास नुसती उष्णता. एवढ्या वजनाच्या शरीराचं तापमान १ अंशाने वाढायला ५८ किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर टाकायची सोयच नसती, तर दर सहा-सात मिनिटांना एक अंश चढला असता आणि अर्ध्या तासात आपण ४१ च्या पुढे गेलो असतो.

तसं होत नाही, कारण मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात तापमानावर अखंड लक्ष असतं. तिथल्या काही चेतापेशी स्वतःच रक्ताचं तापमान ओळखतात. शिवाय त्वचा, पाठीचा कणा आणि पोटातले अवयव इथून येणारी माहिती तिथेच जमा होते. त्वचेला किती गरम लागतंय यापेक्षा आतलं तापमान किती आहे याला तिथे कितीतरी जास्त किंमत असते. या सगळ्यावरून दोन हुकूम सुटतात: त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडा आणि घाम सोडा. आतली उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते, आणि घाम वाळताना ती घेऊन जातो.

त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवर दोन प्रकारच्या सिंपथेटिक नसांचा, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप काम करणाऱ्या नसांचा ताबा असतो. एका प्रकारच्या नसा नॉरॲड्रेनॅलीन सोडून वाहिन्या आवळतात. थंडीत बोटं पांढरी पडतात ती यांच्यामुळे. दुसऱ्या प्रकारच्या नसा वाहिन्या सक्रियपणे रुंद करतात. शरीर तापल्यावर त्वचेतलं रक्त जे वाढतं, त्यातली ८० ते ९० टक्के वाढ या दुसऱ्या प्रकारामुळे होते. तळहात आणि तळपाय याला अपवाद आहेत. तिथे फक्त आवळणाऱ्या नसा असतात, त्या सैल पडल्या की रक्त वाढतं.

आता मूळ मुद्दा. आरामात बसलेल्या माणसाच्या त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. त्याला नुसतं बसवून बाहेरून खूप तापवलं, तर हेच प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. तोच माणूस पळत असला, तर मात्र शरीर त्वचेला इतकं रक्त देत नाही. पळायला सुरुवात केल्याबरोबर त्वचेतल्या वाहिन्या आधी आवळल्या जातात, कारण स्नायूंना रक्त हवं असतं. नंतर त्या उघडतात, पण आराम करताना जेवढ्या तापमानाला उघडल्या असत्या त्यापेक्षा चढ्या तापमानाला. आणि आतलं तापमान ३८ अंशांच्या आसपास पोचलं की त्वचेतला रक्तप्रवाह जवळजवळ तिथेच थांबतो. पुढे तापमान वाढत राहिलं तरी तो फारसा वाढत नाही, कमाल क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास राहतो. उष्णतेचा प्रश्न सुटला नाही तरी चालेल, रक्तदाब पडता कामा नये, अशी ही निवड आहे. सगळ्या वाहिन्या एकदम उघडल्या तर मेंदूला रक्त पुरणार नाही आणि माणूस रस्त्यातच कोसळेल.

त्वचेत आलेलं रक्त तिथल्या शिरांमध्ये रेंगाळतं, घामामुळे रक्तातलं पाणीही घटतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं, आणि भरपाई म्हणून ठोक्यांची संख्या वाढते. दमट मे महिन्यात वेग तोच ठेवला तरी विसाव्या मिनिटापेक्षा पन्नासाव्या मिनिटाला ठोके जास्त का असतात, याचं उत्तर हे आहे. तेव्हा कृपा करून या दिवसांत वेग बघून पळू नका, ठोके आणि धाप बघून पळा.

मुलुंडकर

पहाटवारा ताई, सविस्तर धाग्यासाठी धन्यवाद. एक शंका. आमच्याकडे सकाळी सहालाच बनियन पिळून काढावं एवढा घाम येतो, तरी गार म्हणून वाटत नाही. एवढा घाम जातो तर उपयोग का होत नाही? आणि जिममध्ये काही मुलं प्लॅस्टिकचं जाकीट घालून ट्रेडमिलवर पळतात, म्हणे चरबी वितळते. यात काही तथ्य?

पहाटवारा

मुलुंडकर, घाम आला म्हणून गारवा मिळत नाही, घाम वाळला तर मिळतो. त्वचेवर एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या माणसाला तासाला जेमतेम एक लिटर घाम पुरेसा आहे, पण तो सगळाच्या सगळा वाळायला हवा. हनुवटीवरून टपकलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन गेला, उष्णता जवळपास काहीच नाही.

घाम किती वाळेल हे त्वचेवरची वाफ आणि हवेतली वाफ यांच्या दाबातल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर वाफेचा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटर इतका असतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, म्हणजे मुंबईची मे महिन्यातली नेहमीची दुपार, तर हवेतल्या वाफेचा दाब २६ भरतो. फरक उरला १६. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर हवेतला दाब १० च्या जवळ, फरक ३२. बाष्पीभवनाच्या बाबतीत नागपूरची हवा मुंबईपेक्षा दुप्पट मदत करते.

दमट हवेत आणखी एक गोष्ट घडते. त्वचा बराच वेळ ओलीच राहिली की तिचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो, घामाच्या नळ्यांची तोंडं दबतात आणि घाम हळूहळू कमी होतो. टॉवेलने अंग कोरडं केलं की तो पुन्हा वाढतो. एरवी सारखा घाम पुसणं बरं नव्हे, कारण पुसलेला घाम वाळत नाही. पण तासभर निथळत असाल तर मध्ये एकदा पुसण्याने नुकसान नाही.

प्लॅस्टिकचं जाकीट कृपया कुणी घालू नका. काट्यावर जे वजन कमी दिसतं ते पाणी असतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. जाकिटाच्या आतली हवा वाफेने भरते, घाम वाळायची वाटच बंद होते आणि आतलं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. असं करताना खेळाडू दगावलेले आहेत.

वऱ्हाडी_मिरची

नागपूरचा उल्लेख आला म्हणून लिहितोच! आमच्याकडे कूलर सुरू केला की खोली गार पडते, आणि तोच कूलर मुंबईतल्या भावाकडे नेला तर नुसती चिकचिक होते. अंगाचं गणितही तेच आहे हे वाचून फार बरं वाटलं. पण ताई, आमच्या हवेचा एक धोका मुंबईकरांना कळत नाही. इथे घाम दिसतच नाही. सकाळी अंबाझरीला पळून आलो की शर्ट कोरडा असतो आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. माणसाला वाटतं घामच आला नाही, आणि दुपारी डोकं धरून बसतो.

पहाटवारा

अगदी बरोबर. आणि हवा त्वचेपेक्षा गरम असली की उष्णता उलट अंगात शिरते, तेव्हा सगळी भिस्त घामावरच राहते. पळण्याच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर गेलं, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. शर्ट ओला की कोरडा यावरून अंदाज बांधू नका.

मिठाच्या रेघांबद्दल. घामाच्या ग्रंथीत तळाशी जो द्रव तयार होतो तो जवळजवळ रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. नळीतून वर येताना तिची भिंत सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घेते, म्हणून बाहेर येणारा घाम कमी खारट असतो. घाम जोरात वाहत असला की ओढून घ्यायला वेळ मिळत नाही आणि मीठ जास्त जातं. काही माणसांचा घाम मुळातच जास्त खारट असतो.

यातून वैद्यकातला एक मोठा शोध लागला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आनुवंशिक आजाराची मुलं इतरांपेक्षा जास्त संख्येने कोलमडून रुग्णालयात आली. पॉल दि सांत-आन्येझे या डॉक्टरांनी माग काढला आणि १९५३ मध्ये या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असतं हे मांडलं. त्या आजारात नळीच्या भिंतीतून क्लोराइड परत घेता येत नाही. आजही या आजाराचं निदान घामातलं क्लोराइड मोजून करतात.

सह्यकडा

मी ग्रामीण भागात डॉक्टर आहे. आमच्याकडे अधूनमधून धोत्र्याच्या बिया खाल्लेलं मूल येतं. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, मूल असंबद्ध बोलत असतं, आणि काखेत हात घातला तर एकदम कोरडं. धोत्र्यातलं ॲट्रोपीन घामाच्या ग्रंथींपर्यंत आलेला निरोप अडवतं. इतर बहुतेक सिंपथेटिक नसांची टोकं नॉरॲड्रेनॅलीन सोडतात, घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या मात्र ॲसिटिलकोलीन सोडतात. हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी मांजराच्या पंजावर प्रयोग करून १९३४ मध्ये हे दाखवलं. डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं ते चेतातंतूंच्या रासायनिक निरोपांवरच्या कामासाठीच.

ताई, त्या मुलाचा घाम बंद पडतो पण चेहरा लाल होतो, म्हणजे वाहिन्या उघड्याच राहतात. हे कसं, तेवढं सांगाल का? मला फार कुतूहल आहे.

पहाटवारा

सह्यकडा, माझ्या सगळ्यात आवडीच्या प्रयोगाकडे आणलंत. त्वचेच्या एका छोट्या भागात ॲट्रोपीन सोडून माणसाला तापवलं, तर तिथे घाम येत नाही, पण त्वचेतलं रक्त थोडं उशिरा का होईना वाढतं. म्हणजे वाहिन्या उघडायला ॲसिटिलकोलीनशिवाय दुसरं काहीतरी लागतं. १९९५ मध्ये डीन केलॉग आणि सहकाऱ्यांनी ॲट्रोपीनऐवजी बोटुलिनम विष वापरलं, जे आज सुरकुत्यांसाठी बोटॉक्स म्हणून टोचतात. हे विष ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या नसेला काहीच सोडू देत नाही. तिथे घामही आला नाही आणि रक्तही वाढलं नाही. यावरून असं दिसतं, की ॲसिटिलकोलीन सोडणारी नसच आणखी एखादं रसायन सोबत सोडते आणि वाहिन्या त्याने उघडतात. त्यात नायट्रिक ऑक्साइडचाही वाटा आहे.

एक जोड देते. ॲलर्जीची काही जुनी औषधं, लघवी अनावर होण्यावरची औषधं, काही मानसिक आजारांवरची औषधं यांचाही थोडाफार असाच परिणाम असतो. ती चालू असतील तर उन्हात व्यायाम करण्याआधी डॉक्टरांशी बोला. स्वतःहून बंद मात्र करू नका.

दर्यावर्दी

जहाजाच्या इंजिन रूममध्ये काम करतो. सुट्टी संपवून परत रुजू झालो की पहिला आठवडा जीव नकोसा होतो, मग अंगवळणी पडतं. हे नक्की काय होतं?

पहाटवारा

शरीर खरोखर बदलतं. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातल्या पाण्याचा अंश वाढतो आणि त्याच कामाला ठोके कमी लागतात. आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्वचेतल्या वाहिन्याही कमी तापमानाला उघडू लागतात. उष्णतेपासून दूर गेलात की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींमध्ये नव्या कामगारांना थेट तळाशी न पाठवता आधी उष्णतेची सवय लावत, ते याच कारणाने. पळणाऱ्यांनीही एप्रिलमध्ये पहिले दहा-बारा दिवस अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत.

सवयीलाही मर्यादा आहे. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवली होती, तरी तापमान ३२ अंशांच्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर होती. ६८ जणी धावल्या, त्यातल्या २८ जणींना शर्यत सोडावी लागली. जगातल्या उत्तम तयारीच्या बायका होत्या त्या. हवेत वाफेला जागाच नसेल तर घामाच्या ग्रंथी कितीही तरबेज असोत, घाम वाळणार कुठे?

चार्ल्सकाठी

बॉस्टनहून लिहिते आहे. पाण्याची दुसरी बाजूही इथे यायला हवी. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांच्या रक्ताची तपासणी झाली. १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढलं असणं हे त्याचं मोठं लक्षण होतं, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलेलं. हळू पळणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण वाटेत प्यायला वेळ भरपूर असतो. दर टेबलावर ग्लास उचललाच पाहिजे असं नाही. तहान लागली की प्या.

पहाटवारा

शंभर टक्के सहमत. दोन्हीकडून सांभाळायचं आहे. पाणी फार कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि मेंदू घाम उशिरा सुरू करतो, वाहिन्याही उशिरा उघडतो, म्हणजे तापमान आणखी चढतं. आणि जास्त प्यायलं तर सोडियम उतरतं. वजनाचा काटा या दोन्हींवर लक्ष ठेवायला उपयोगी पडतो: पळून आल्यावर वजन थोडं कमी असावं, वाढलेलं कधीच नसावं.

जुना_खेळाडू

आम्ही कबड्डीवाले. सामन्याच्या आधी तळहात घामाने ओले व्हायचे, माती चोळून जायचो. अंग तर तापलेलं नसायचं. आणि एकदा सराव संपवून रांगेत उभे असताना शेजारचा मुलगा उभ्याउभ्या खाली बसला. या दोन्हीची कारणं सांगाल का?

पहाटवारा

तळहात, तळपाय यांचा घाम मुख्यतः मनाच्या ताणावर चालतो. जपानी शास्त्रज्ञ यास कुनो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा घाम आणि उष्णतेचा घाम असा भेद नीट दाखवून दिला.

उभ्याउभ्या खाली बसण्याचं कारण पायांत आहे. पळताना पिंढऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. थांबलात की हे ढकलणं बंद, वाहिन्या मात्र अजून उघड्या. रक्त पायांत साठतं, दाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून शर्यत संपली की पाच-दहा मिनिटं चालत राहा. कुणी असं बसलं तर आडवं करून पाय उंच ठेवा, बहुतेक जण लगेच सावरतात.

पण माणूस सावरत नसेल, भांबावला असेल, चिडचिडा झाला असेल, विचित्र बोलत असेल, तर तो उष्माघात समजा. श्रमाच्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो, त्यामुळे घाम आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मान वर धरून त्यात बसवा, नसेल तर अंगावर गार पाणी ओतत राहा, ओले कपडे बदलत राहा, पंखा धरा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. शर्यत भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने असा टब शेवटच्या रेषेजवळ ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

सोनचाफा

सुंदर चर्चा, वाचनखूण साठवली. माझ्या बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे, संध्याकाळी चार वाजता चालायला जातात. हल्ली त्यांच्या पायांना घाम येतच नाही आणि चेहऱ्याला मात्र जेवताना खूप येतो. अंगभर घामोळंही आहे. काळजी करावी का?

पहाटवारा

सोनचाफा, डॉक्टरांना नक्की दाखवा. दीर्घ मधुमेहात घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा खराब होतात, सुरुवात पायांपासून होते. पाय कोरडे पडून भेगा पडतात आणि जखमा चिघळतात, म्हणून पाय रोज तपासा, मलम लावा. जेवताना चेहऱ्याला घाम येणं हेही नसांच्या त्याच बिघाडाचं लक्षण असू शकतं, ते आवर्जून सांगा. खालच्या अंगाला घाम कमी म्हणजे उष्णता बाहेर टाकायची जागाच कमी. वयानुसार त्वचेतल्या वाहिन्याही कमी उघडतात. चार वाजता रस्ता आणि भिंती तापलेल्या असतात. त्यांना सकाळी सात वाजायच्या आत किंवा रात्री जेवणाआधी पाठवा, आणि सोबत कुणीतरी असू द्या.

घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बंद होणं. तिथला घाम बाहेर येत नाही, आणि पुरळ दिसेनासं झालं तरी त्या भागाचा घाम पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. जाड पावडर थापू नका. सुती सैल सदरा, दिवसातून दोनदा गार पाण्याने अंघोळ आणि पंख्याखाली अंग पूर्ण कोरडं करणं, एवढं सुरू करा. चालण्याआधी आणि नंतर साखर तपासायलाही सांगा.

सोनचाफा

धन्यवाद ताई. उद्याचीच वेळ घेतली आहे. सकाळी भाऊ त्यांच्याबरोबर जाईल.